तुला नियमाने ठेवले नव्हते

पोर्ट्समथ, ओहायो
रविवार, २१ जून २०२६

प्रिय रॉयस,

आजच्या वर्तमानपत्रात ऑरिन टॅकेटविषयी तुझी पाच वाक्ये छापून आली आहेत. त्यांपैकी चार चुकीची आहेत. ‘ऑरिन फार भला माणूस होता’ हे पाचवे तेवढे बरोबर आहे, आणि तेसुद्धा तू म्हणालास म्हणून बरोबर झालेले नाही. वार्ताहराने पदरचे काही घातले असेल, ही शंका मी सर्वांत आधी घेतली; तुझ्यावर रागावण्यापूर्वी तेवढे तरी माझे कर्तव्य होते. परंतु बोलणे तुझेच आहे. प्रत्येक वाक्य ‘हे बघा’ने सुरू करायची तुझी खोड मला बेसबॉलच्या दिवसांत, बुलपेनमध्ये, मोडता आली नाही, आणि चारही वाक्यांच्या तोंडाशी ती तशीच उभी आहे.

तू म्हणतोस की, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ऑरिनचा हात संपला होता, म्हणून क्लबने त्याला खालच्या संघात धाडले. तू म्हणतोस की, तुला मात्र नियमाने ठेवले. तू म्हणतोस की, त्या मोसमात तुला भरपूर विश्रांती मिळत होती, तरी चेंडू तुझ्या ताब्यात नव्हता. आणि शेवटी तू म्हणतोस की, एक दिवस सगळे आपोआप जुळून आले. ऑरिनला मातीत ठेवून आठ दिवस झाले आहेत. तू मॅनेजर म्हणून संघाबरोबर दौऱ्यावर होतास आणि फुले पाठवलीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फुले चांगली होती. परंतु त्याच्यामागे तू त्याच्याविषयी असे बोलावेस, आणि त्याच रकान्यात, त्याच्या छायाचित्राच्या खाली, तुझ्या संघातल्या योएल सेपिनला शुक्रवारी त्याच्या मूळ क्लबाकडे परत पाठवण्याची गोष्ट करावीस, हे मला सहन झालेले नाही. ऑरिनविषयीची चूक आणखी महिनाभर तशीच राहिली तरी ऑरिनला त्याचा त्रास नाही. त्या पोराला मात्र शुक्रवारपर्यंतच वेळ आहे. म्हणून हे पत्र उद्या सकाळच्या टपालात पडेल आणि बुधवारी तुझ्या हाती येईल, असा माझा हिशेब आहे.

प्रथम नियम. तो तुला ठाऊक नाही असे मी समजत नाही, परंतु तू तो वार्ताहराला उलटा सांगितलास, म्हणून सरळ करून ठेवतो. ज्या पोराला त्याच्या क्लबने आपल्या राखीव नावांत घेतलेले नाही, त्याला डिसेंबरात दुसरा क्लब उचलून नेऊ शकतो. नेले, की पुढचा अख्खा मोसम त्याला वरच्या संघाच्या यादीत बसवायचे. शिकायला म्हणून खालच्या संघात पाठवायचे नाही. तेवढी जागा अडवून धरणे परवडत नसेल, तर त्याला मूळ क्लबाकडे परत करायचे. बस्स. नियम कुणालाही ठेवत नाही. तो एवढेच सांगतो की ठेवा, नाहीतर परत द्या, मधला रस्ता नाही. ‘मला नियमाने ठेवले’ या वाक्यात कर्ता चुकला आहे, रॉयस. चोवीस जागांच्या यादीत जेव्हा पंचविसावा माणूस आत येऊ पाहतो, तेव्हा आतल्या कुणाला तरी उठावे लागते. तू उठला नाहीस. मग कोण उठले, हा प्रश्न तुला अडतीस वर्षांत एकदाही पडला नाही, हे मला आज पेपर वाचून कळले.

तुला ते दिवस आठवत असतील, पण बहुधा तुझ्या बाजूने. डाव्या कुंपणापलीकडचे आपले बुलपेन, जिथे राखीव गोलंदाज हात गरम करत बसतात, तो लाकडी बाक, भिंतीवरचा फोन. मी बुलपेनचा प्रशिक्षक होतो, आणि हिवाळ्यात इथल्या शाळेत व्याकरण शिकवत असे म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. तू सर्वांत लहान, त्यामुळे चघळायच्या गोळ्या-बियांची पिशवी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहायचे काम तुझे. आणि दुसऱ्या क्लबातून आणलेला, म्हणून तुझे नाव पडले ‘उसना’. “ए उसन्या, आज लिंबाच्या गोळ्या विसरलास तर मूळ मालकाला फोन लावीन हां,” असे ऑरिन रोज म्हणायचा, आणि तू रोज घाबरायचास. पूर्व केंटकीतल्या खाणीच्या गावचा तो लांबलचक डावखुरा, छत्तिसाव्या वर्षी गुडघ्यांना बर्फ बांधून बसणारा. तुला तो म्हातारा वाटत असे. आता तू साठीचा आहेस, तेव्हा त्या शब्दाचा फेरविचार करायला हरकत नाही.

आता विश्रांतीचे. मर्ल गॅफनी आपला मॅनेजर होता आणि तुझ्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. परंतु यादीत एक जागा तू अडवलेली, म्हणून तुला वापरल्यासारखे तरी दाखवले पाहिजे. सहाव्या इनिंगला फोन वाजायचा: “उसन्याला उठव.” तू उठून जोराने चेंडू फेकायला लागायचास. दहा मिनिटांनी पुन्हा फोन: “बसव.” आठव्या इनिंगला परत “उठव”, परत “बसव”. मैदानात उतरायचास कधी? आपण आठ धावांनी मागे पडलो, किंवा तिन्ही बेसवर माणसे उभी आहेत आणि दुसऱ्या कुणाचा हात शिल्लक नाही, अशा वेळी. मग तू चार चेंडू बाहेर टाकून एकेका फलंदाजाला फुकट पहिल्या बेसवर पाठवायचास, आणि तुझ्याच गावची माणसे असावीत अशा हक्काने लोक तुला शिव्या घालायचे. कागदावर तू आठवडा आठवडा खेळलेला नसायचास. बुलपेनमधले चेंडू कुठल्याच कागदावर चढत नाहीत. जे चढत नाही ते घडलेच नाही, असे समजणारी माणसे आपला खेळ चालवतात, आणि तू आज त्यांच्यापैकी एक झाला आहेस.

हे आधी माझ्याही लक्षात आले नाही. ते ऑरिनने पाहिले, आणि पाहिले तेही मैदानात नव्हे. जूनमध्ये एकदा सामना संपल्यावर आपण नदीकाठच्या त्या खानावळीत जेवत होतो आणि तू मॅकरोनी डाव्या हाताने खात होतास. ऑरिन तुझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “डावखुरा कधीपासून झालास रे? मला वाटलं, आपल्या जातीतलं कुणीतरी भेटलं.” सगळे हसले, तूही हसलास आणि काटा घाईघाईने उजव्या हातात घेतलास. तो तुला तोंडापर्यंत नेववेना. बाहेर गाडीपाशी आल्यावर ऑरिन मला म्हणाला, “मास्तर, पोरगं बेताल नाही. दमलंय. रोज दोनदा लग्नाला नटवून बसवतात आणि लग्न लावत नाहीत, मग हात राहील कसा?” दुसऱ्या दिवशी मी गॅफनीला हे सांगितले. तो म्हणाला, “आठवडाभर मैदानात पाय ठेवला नाही त्यानं, दमतोय कुठनं?” मी बुलपेनमधल्या चेंडूंचे आकडे सांगितले. त्याने ते ऐकून घेतले आणि सायंकाळी सहाव्या इनिंगला फोन केला: “उसन्याला उठव.”

जुलैमध्ये मधल्या सुट्टीचे तीन दिवस मिळाले आणि तुझा खांदा बराच सावरला. नेमक्या त्याच वेळी आपले दोन्ही कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारे, थोडे जखमी झाले, यादीतून काढण्याइतके नव्हे. खालून तिसरा कॅचर आणायचा, म्हणजे यादीतून एकाने जायचे. जनरल मॅनेजर क्लेटन बर्बेजने गॅफनीला आणि मला खोलीत बोलावले. त्याचा पहिला बेत असा होता: “उसन्याचा खांदा दुखतोय असं डॉक्टरकडनं लिहून घ्या. जखमी माणूस यादीत मोजत नाहीत, तीन आठवडे झाकून ठेवू. सगळेच ठेवतात.” तुला डॉक्टरसमोर उभे केले. काय उत्तर अपेक्षित आहे, हे तुला कळत होते. खांदा दुखतो म्हणालास तर तुझी नोकरी वाचत होती. तू म्हणालास, “नाही हो, आता नाही दुखत.” डॉक्टरने पुन्हा विचारले. तू पुन्हा तेच म्हणालास. बर्बेजने तुला गाढव म्हटले आणि मला त्या दिवशी तुझा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुढे तू अंतिम सामने जिंकलेस तेव्हाही वाटला नाही. म्हणून आजच्या पेपरातले तुझे ते वाक्य मी तीनदा वाचले. “शुक्रवारी दोहोंपैकी एक. योएल परत जाईल, नाहीतर त्याचा कोपर दुखायला लागेल,” आणि कंसात, ‘वार्ताहरांमध्ये हशा’. बाविसाव्या वर्षी जे तू नोकरी पणाला लावून नाकारलेस, ते साठाव्या वर्षी तुला विनोद म्हणून सुचते.

तुझे ‘नाही’ ऐकल्यावर बर्बेज म्हणाला, “मग परत पाठवा. उद्या सकाळी त्याच्या क्लबला फोन करतो.” मी खोलीतून निघालो आणि सरळ ऑरिनकडे गेलो. तो बर्फाच्या बादलीत हात घालून बसला होता. मी सांगितले. त्याने विचारले, “किती वाजेपर्यंत आहे तो वर?” मी म्हटले, सहापर्यंत. त्याने हात पुसला आणि पायांत न्हाणीघरातल्या रबरी चपला तशाच ठेवून जिना चढला. मी मागोमाग गेलो, म्हणून पुढचे मी स्वतः ऐकले आहे. ऐकीव सांगत नाही.

ऑरिन म्हणाला, “मला खाली पाठवा.” बर्बेजला आधी समजलेच नाही. पाच वर्षांहून अधिक काळ वरच्या संघात काढलेल्या माणसाला त्याच्या संमतीवाचून खालच्या संघात धाडता येत नाही, हा नियम तुलाही ठाऊक आहे. आणि म्हणूनच ‘क्लबने त्याला धाडले’ हे वाक्य तुझ्या तोंडून यायला नको होते. ऑरिनची तेरा वर्षे झाली होती. क्लब त्याला धाडूच शकत नव्हता. बर्बेज म्हणाला, “तुझी सही लागेल.” ऑरिन म्हणाला, “मग पेन द्या की.” बर्बेज म्हणाला, “आणि बाकीच्या क्लबांना विचारावं लागेल, कुणी मागितलं तर तुला जावं लागेल.” ऑरिन हसला: “छत्तीस वर्षांचा घोडा कोण मागतंय, साहेब?” कुणी मागितले नाही. तो अपमानही त्याने गिळला.

सही करण्यापूर्वी त्याने गॅफनीला दोन गोष्टी कबूल करायला लावल्या. पोराला इनिंगच्या सुरुवातीला उतरवायचे, बेस रिकामे असताना. पेटलेल्या घरात पहिल्यांदा ढकलायचे नाही. आणि उतरवायचे नसेल तर उठवायचे नाही. गॅफनी कुरकुरला, पण ऑरिनचे पेन कागदावर टेकेना, तेव्हा हो म्हणाला. बर्बेजने आपणहून तिसरी गोष्ट कबूल केली: सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला याद्या मोठ्या होतात, तेव्हा ऑरिनला पहिल्यांदा परत बोलावू. ती ऑरिनने मागितलेली नव्हती. त्याला ती आवडली मात्र होती, जिना उतरताना तो म्हणाला, “दीड महिना तर आहे, मास्तर. तिकडे मासे बरे मिळतात म्हणे.”

गाडीत सामान भरताना त्याने माझ्याकडून वचन घेतले. “पोराला सांगायचं नाही. चेंडूच त्याला जड झालाय आत्ता. त्यावर माझं ओझं कशाला?” मी म्हटले, पण विचारील तर? “हात गेला म्हणून सांग. मी सांगितलंय सगळ्यांना.” आणि खरोखर त्याने सांगितले होते. कपडे बदलण्याच्या खोलीत सर्वांसमोर तो म्हणाला, “हात गेला, पोरांनो, आता तुम्ही आणि तुमचं नशीब,” आणि तुझ्या डोक्यावर टोपी उलटी घालून निघून गेला. तेव्हा ‘ऑरिनचा हात संपला होता’ हे खोटे तू रचलेस, असा माझा आरोप नाही. ते ऑरिननेच रचले. तू फक्त ते कधी तपासले नाहीस. ज्याचा हात जातो तो माणूस दुसऱ्या दिवशी खालच्या संघात जाऊन चेंडू कसा फेकतो, एवढा साधा प्रश्न तू त्या आठवड्यात विचारला असतास, तर मला वचन पाळणे फार कठीण गेले असते. तू विचारले नाहीस. तू पिशवी उचललीस आणि कुंपणापलीकडे आलास.

पुढल्या गुरुवारी सातव्या इनिंगच्या सुरुवातीला, रिकाम्या बेसवर, गॅफनीने तुला उतरवले. फोन एकदाच वाजला होता. तू तीन फलंदाज बाद केलेस, एकही फुकट बेसवर गेला नाही, आणि परत येऊन मला म्हणालास, “मास्तर, आज चेंडू हलका होता.” यालाच आजच्या पेपरात तू ‘आपोआप’ म्हणतोस. रॉयस, आपोआप काही झालेले नव्हते. ते आपोआप होण्याकरता एक माणूस आपली जागा सोडून नेब्रास्कातल्या खालच्या संघात बसून होता.

सप्टेंबरची पहिली तारीख आली. ऑरिनला फोन गेला नाही. मी दुसऱ्या दिवशी बर्बेजच्या खोलीत गेलो. तो म्हणाला, “नवी पोरं बघायचीत या महिन्यात. टॅकेटचं काय बघायचं राहिलंय?” मी त्याला शब्दाची आठवण करून दिली. तो म्हणाला, “मास्तर, लिहून दिलं होतं का मी?” माझ्या आयुष्यात मी खोलीचे दार आपटून निघालो ते तेवढे एकदाच. पेपरात तुझ्या बोलण्यानंतर वार्ताहराने आपल्या ज्ञानात भर घातली आहे की, ऑरिनने ऑगस्टमध्ये खेळ सोडला. तो सोडणारा माणूस नव्हता. त्या शनिवारीही तो तिकडे मैदानात उतरला आणि त्याने दोन इनिंग टाकल्या. तिथल्या प्रशिक्षकाने मला फोनवर सांगितले की, म्हाताऱ्याने फलंदाजांना अक्षरशः गुंडाळून ठेवले. दोन दिवसांनी तिकडचा मोसम संपला. ऑरिन गाडीत बसून घरी गेला आणि पुन्हा कोणत्याही क्लबने त्याला बोलावले नाही. तुझा मोसम इकडे ऑक्टोबरात संपला, तू उसना राहिला नाहीस, क्लबचा झालास, आणि पुढचे सर्व जगाला ठाऊक आहे.

ऑरिनने गावी शाळेची बस चालवली. दुपारी तीच बस मैदानाच्या कडेला लावून शाळेतल्या पोरांना सरावासाठी चेंडू टाकले. मी दर वसंतात एकदा जात असे. साठी उलटल्यावरही तो टाकत होता, पोरे ओरडायची, “टॅकेटकाका, जरा हळू.” संपलेल्या हाताचे हे वर्णन तुझ्या पाच वाक्यांत कुठे बसते, ते पाहा.

आता योएल. मी वयाच्या मानाने पुष्कळ दूरदर्शन पाहतो आणि सामने सोडून दुसरे काही पाहत नाही. कॅमेरा फिरता फिरता बुलपेनवर जातो, तेव्हा मी समालोचकाचा आवाज बंद करतो, कारण त्याला क्रियापदे चालवता येत नाहीत, आणि पोराकडे पाहतो. मंगळवारी तो सहाव्या इनिंगला उठला, बसला. नवव्या इनिंगला उठला, बसला. बुधवारी तू त्याला तिन्ही बेस भरलेले असताना आत ढकललेस. त्याने दोघांना फुकट पहिल्या बेसवर पाठवले, धावा आत आल्या, लोक ओरडले, आणि तू पत्रकारांना म्हणालास, “पोरगा ताजातवाना होता, तरी ताबा नाही.” ताजातवाना! त्या पोराने रात्री जेवताना काटा कोणत्या हातात धरला होता, हे तू पाहिलेस का? परदेशातल्या बानी गावातून आलेला, इंग्रजी धड न बोलणारा मुलगा, तुमच्या भल्यामोठ्या टेबलावर कोपऱ्यात एकटा जेवत असेल. खांदा दमला आहे, हे त्याला कोणत्या भाषेत सांगता येईल? तूसुद्धा तुझ्या स्वतःच्या भाषेत सांगू शकला नव्हतास. पेपरात तू म्हणतोस की, तुझ्या यादीत एवढ्या ‘चैनी’ला जागा नाही. तुझ्या यादीत सव्वीस माणसे आहेत. आमच्या यादीत चोवीस होती.

यादीतून कोणाला उठवावे, हे मी सांगणार नाही. ते मॅनेजरचे काम आहे. कोपर खोटा दुखवू नकोस, एवढे सांगतो. आणि ठेवलेस तर वापर. इनिंगच्या तोंडाशी, रिकाम्या बेसवर, एकदाच उठवून. त्यानंतरही त्याला जमले नाही, तर परत पाठव. मग मी एक अक्षर बोलणार नाही. परंतु आज तुला माहीतच नाही की त्याला जमते की नाही. तू ते अजून पाहिलेले नाहीस. ज्या माणसाला, त्याच्याकडे कुणी नीट पाहिले म्हणून, आयुष्य मिळाले, त्याने दुसऱ्याला न पाहता निकाल द्यावा, याची मला लाज वाटते, आणि ती तुझ्या वाट्याची लाज आहे.

वास्तविक मी आज तुला लिहिणार नव्हतो. सकाळी पेपर वाचल्यावर मी संपादकांना पत्र लिहायला बसलो होतो. ते पूर्णही झाले होते, आणि माझ्या मते ते या पत्रापेक्षा सरस उतरले होते. दुपारी लव्हर्नचा फोन आला. ऑरिनची बायको. तिच्या भाच्याने तिला बातमी वाचून दाखवली होती. ती म्हणाली, “मास्तर, हात गेला म्हणून त्यांना खाली पाठवलं, असं ते मलाही आयुष्यभर सांगत आले. खरं काय ते मला आज सांगा.” वचन ऑरिनला दिलेले होते आणि ऑरिन आता नाही; मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, “वाटलंच होतं मला. त्याच हातानं पोरं उचलली त्यांनी, छपरावर पत्रे चढवले. गेलेला हात असा असतो होय?” मी तिला संपादकांना लिहिलेले पत्र वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, “छान लिहिलंय. पण पेपरला नका पाठवू. ह्यांचं नाव नीट होऊन काय व्हायचंय आता? आजारात ह्यांनी रॉयसच्या सामन्यांशिवाय दुसरं काही पाहिलंच नाही, तो योएल उठला की म्हणायचे, बसवतील बघ गाढवाला, दमवतील. दोनदा फोन लावला त्यांनी रॉयसच्या मैदानावर. नाव सांगितलं, निरोप ठेवला. कुणी परत केला नाही.” ते फोन कुणी घेतले, हे मला ठाऊक नाही, आणि तुझ्यापर्यंत पोहोचले नाहीत असे मी धरून चालतो, तेवढा विश्वास अजून आहे. मग तिने हे सांगितले, आणि त्याकरता हे पत्र आहे: “पेपरवाला त्या पोराला ठेवू शकत नाही, मास्तर. रॉयसला लिहा.”

तारखा येणेप्रमाणे दुरुस्त करून घ्याव्यात.

सोमवार, ७ डिसेंबर १९८७: आपल्या क्लबने तुला उचलले. (पेपरात ‘१९८८ च्या वसंतात’ असे आहे.)

शुक्रवार, १५ जुलै १९८८: ऑरिनने स्वतः मागून खालच्या संघासाठी सही केली. (पेपरात ‘ऑगस्टमध्ये धाडले’.)

गुरुवार, २१ जुलै १९८८: रिकाम्या बेसवर तू पहिली इनिंग टाकलीस. (पेपरात ‘एक दिवस’.)

शनिवार, ३ सप्टेंबर १९८८: ऑरिनचा अखेरचा सामना. दोन इनिंग, एकही धाव नाही. (पेपरात हा सामनाच नाही.)

मंगळवार, ९ जून २०२६: ऑरिन गेला. (पेपरात बुधवार.)

शुक्रवार, २६ जून २०२६: अजून काही घडलेले नाही.

तुझाच,
वेंडेल क्रोझिअर (मास्तर)